खोल्यांची मोजदाद आणि माणसांची

सार्वजनिक पैशानें गरिबांसाठीं घरें बांधणें अवघड. परंतु तीं ज्यांच्यासाठीं बांधलीं त्यांच्याच उपयोगीं पडतात कीं नाहीं, यावर नजर ठेवणें त्याहूनहि अवघड. मुंबईंतील बी. डी. डी. चाळींचा इतिहास हा याचा बोलका दाखला होय.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत राहत्या जागेची टंचाई कमालीची वाढली. तेव्हां गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत, १९२० सालीं, विकास खातें निघालें आणि कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. त्यासाठीं शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीमागें एक रुपया कर बसला. पैसा लोकांचा, तेव्हां हिशेब मागण्याचा हक्कहि लोकांचाच.

तो हिशेब समाधानकारक निघाला नाहीं. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोल्या झाल्या सुमारें १६,५००. म्हणजे संकल्पाचा जेमतेम एक-तृतीयांश. खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. भाडें खर्चाच्या मानानें कमी ठेवूनहि प्रारंभीं पुष्कळ खोल्या रिकाम्याच राहिल्या. गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या कामगारास वरळी तेव्हां आडबाजूची वाटे, आणि कमी केलेलें भाडेंहि त्याच्या मिळकतीस जड जाई. १९३१ च्या व्हिटली कमिशनच्या अहवालानुसार मुंबईंतील शेंकडा ९७ कामगार-कुटुंबें एकाच खोलींत राहत होतीं. म्हणजे गरज होती, पण गरज आणि योजना यांची गांठ पडली नव्हती.

पुढें खोल्या भरल्या आणि देखरेखीचा खरा पेंच उभा राहिला. भाडें आलें कीं नाहीं, हें वहीवरून कळतें. खोलींत राहतें कोण, हें वही सांगत नाहीं. कोंकणांतून वा घाटावरून आलेला गांवकरी नात्यागोत्याच्या खोलींत पथारी टाकी. नियमाच्या दृष्टीनें तो पोटभाडेकरू, घरच्यांच्या दृष्टीनें तो पाहुणा. त्यास बाहेर काढावें तर तो पदपथावर जाणार. राहूं द्यावें तर १६० चौरस फुटांत दहा माणसें कोंबलीं जाणार. नियम चुकीचा नव्हता; घरें अपुरीं होतीं.

शंभर वर्षांनंतर या चाळी पाडून रहिवाशांस ५०० चौरस फुटांचीं मालकीचीं घरें देण्याचें काम सुरूं झालें. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातीं चाव्या आल्या. खोलीचा खरा भाडेकरू कोण, हा जुना प्रश्न त्या वेळीं पुन्हा तपासावा लागला. कुटुंबांचें कल्याण झालें, हें निर्विवाद. मात्र भाड्याची खोली मालकीची झाली, कीं उद्यां गांवाहून येणाऱ्या मजुरास ती उरत नाहीं. त्याची गणना कोणत्या वहींत व्हावयाची, याचें उत्तर १९२० सालच्या संकल्पानें दिलें नाहीं, आणि आजच्या इमारतींनींहि दिलेलें नाहीं.