उत्तरेची वाट

२०१९ च्या जुलैमध्यें आमचा भाचा नव्या मुंबईंतील नेरुळहून मोटारसायकलीवर एकटाच लेहला निघाला, तेव्हां आमच्या भगिनीस घांस गोड लागेना. मनालीहून लेहला जाणारी ही वाट १९८९ सालीं सर्वसामान्य वाहनांस खुली झाली. तिजवर बारालाचा व टांगलांग हे घाट लागतात. दुसरा तर सतरा हजार फुटांहूनही उंच. कोठें डांबर संपून नुसती खडी आणि माती उरते, दुपारीं वितळलेल्या बर्फाचे ओहोळ रस्त्यावरून वाहूं लागतात, आणि विरळ हवेंत यंत्र व स्वार दोघांसही धाप लागते. सर्चूच्या मुक्कामापासून भाच्याचा दूरध्वनि मुका झाला. दोन दिवस खुशाली नाहीं.

त्या दोन दिवसांत आम्हांस वारंवार वरसईचें स्मरण होई. पेणजवळचें हें गांव नेरुळपासून फारसें दूर नव्हे. तेथील विष्णुभट गोडसे १८५७ सालीं चुलते रामभट यांजसह उत्तरेस निघाले. हौसेनें नव्हे, घरीं ऋण होतें, आणि बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल अशी वार्ता होती. महूजवळ शिपायांच्या तोंडून बंडाची कुणकुण कानीं आली, तरी भटजी परतले नाहींत. हें धाडस कीं गरज, हा वाद विद्वानांनीं घालावा. ज्याच्या दारीं सावकार बसला आहे त्यास असला प्रश्न पडत नाहीं, असें आम्हांस वाटतें. पुढें १८५८ सालीं झांशीच्या वेढ्यांत ते सांपडले, तेथील कत्तल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली, आणि गांठीचें द्रव्यही लुटलें गेलें.

आणि वरसईस राहिलेले आईबाप? दोन वर्षांहून अधिक काळ, बंडाळीच्या मुलुखांतून येणाऱ्या एकेका अफवेसरशीं, त्या घराच्या रात्री कशा गेल्या असतील, हें इतिहासकार लिहीत नाहींत. भटजींचा वृत्तान्त वाचतांना बहुतेक वाचक झांशीच्या तटावर रेंगाळतात. आम्हांस मात्र शेवटची ती कावड अधिक मोलाची वाटते. द्रव्य गेलें, तरी गंगोदक त्यांनीं घरापर्यंत आणिलें आणि मातापितरांस त्याचें स्नान घातलें. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलेला ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं छापून निघाला, तेव्हां भटजी हयात नव्हते.

भाचा तिसऱ्या दिवशीं लेहहून बोलला. “मामा, आईला सांगा, पोंचलों.” घरीं परतल्यावर त्यानें पिशवींतून जर्दाळूंची पुडी काढून आईपुढें ठेविली. ती कांहीं बोलली नाहीं. त्याच्या बुटांवरची माती मात्र तिनें स्वतः धुतली.