पाणबुडीतला कान

देशभक्तिपर युद्धकादंबऱ्या आणि राजकीय थरारकथा यांच्याविषयी जाणत्या वाचकांत एक मत जवळजवळ सर्वमान्य आहे. ही पुस्तके शत्रूचा द्वेष विकतात, शस्त्रांचे स्तोम माजवतात आणि रणांगण कधीही न पाहिलेल्या पुरुषांना घरबसल्या पराक्रमाची झिंग देतात. हा पूर्वपक्ष चांगल्या समीक्षकांनीही मांडला आहे. मला तो मान्य नाही.

त्याला आधार अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. विल्यम ले क्यू याची ‘द इन्व्हेजन ऑफ १९१०’ ही कादंबरी १९०६ मध्ये लंडनच्या ‘डेली मेल’मध्ये क्रमशः आली. जर्मन सैन्य इंग्लंडमध्ये घुसते, एवढीच तिची गोष्ट. पण त्या सैन्याची वाटसुद्धा वृत्तपत्राच्या सोयीने आखली गेली. जिथे अंक खपतील अशा गावांवरून शत्रू चालून आला पाहिजे, हा हिशेब. जर्मन हेरांच्या धास्तीने पुढे ब्रिटिश सरकारने १९०९ मध्ये गुप्तचर विभाग उभारला. ती धास्ती पसरवण्यात ले क्यूचा मोठा वाटा होता. द्वेषावर पोसलेले साहित्य कसे असते, हे पाहायचे तर ते इथे आहे.

पण ले क्यू आज कोण वाचतो? त्याच्याही तीन वर्षे आधी आलेली अर्स्किन चिल्डर्सची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ मात्र अजून वाचली जाते, आणि विषय तोच आहे, जर्मन आक्रमणाचा गुप्त बेत. दोन इंग्रज तरुण एका लहानशा शिडाच्या बोटीतून जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरचे वाळूचे बांध, भरती-ओहोटी, पाण्याची खोली तपासत हिंडतात. कादंबरीचा सगळ्यांत थरारक भाग कोणता? दाट धुक्यात त्या दोघांपैकी डेव्हिस होकायंत्र, घड्याळ आणि नकाशा यांच्या भरवशावर वल्ह्याची होडी मैलोगणती नेतो आणि नेमक्या ठिकाणी पोचवतो. बंदुकीचा बार नाही की मारामारी नाही. हा डेव्हिस नौदलाने नाकारलेला माणूस आहे, त्याला जर्मन सम्राटाचे मनापासून कौतुक आहे, आणि पुस्तकातला खलनायक जर्मन नसून इंग्रज आहे. देशावर प्रेम करायचे म्हणजे त्याच्या रक्षणासाठी लागणारे ज्ञान कष्टाने मिळवायचे, ही या पुस्तकाची देशभक्ती. चिल्डर्स स्वतः पुढे आयरिश प्रजासत्ताकवाद्यांच्या बाजूने उभा राहिला आणि १९२२ मध्ये आयर्लंडच्याच नव्या सरकारने त्याला गोळ्या घातल्या. या माणसाला आंधळ्या राष्ट्राभिमानाचा प्रचारक म्हणणे मला जमणार नाही.

आता पूर्वपक्षाचे सर्वांत लाडके उदाहरण घेऊ. टॉम क्लॅन्सी हा मेरीलँडमधला विमा एजंट. दृष्टी अधू, म्हणून सैन्यात जाता आले नाही. त्याची ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ १९८४ मध्ये अमेरिकी नौदलाशी संबंधित ‘नेव्हल इन्स्टिट्यूट प्रेस’ने काढली. नौदलाची तांत्रिक पुस्तके छापणाऱ्या या संस्थेची ती पहिलीच नवी कादंबरी. अध्यक्ष रेगन यांनी जाहीर प्रशंसा केली आणि पुस्तक देशभर पोचले. रेगन यांना आवडले, म्हणजे शीतयुद्धाचा प्रचार, असा शिक्का तेव्हाच बसला. पण पुस्तक उघडून पाहिले तर त्यातला सर्वांत कुशल, सर्वांत धीरगंभीर माणूस आहे आपली पाणबुडी घेऊन अमेरिकेकडे पळणारा सोव्हिएत कप्तान रामियस. शत्रूचा द्वेष विकायला बसलेला लेखक असे करत नाही.

या कादंबरीचा प्राण मला एका वेगळ्याच प्रसंगात दिसतो. अमेरिकी पाणबुडीवर जोन्स नावाचा एक सोनारवाला आहे. समुद्रातले आवाज ऐकत बसणे हे त्याचे काम, आणि हुद्दा अगदी खालचा. संगणक एका आवाजाला भूगर्भातली हालचाल ठरवतो. जोन्सला ते पटत नाही. तो फीत पुन्हापुन्हा ऐकतो, वेग बदलून ऐकतो आणि त्या घरघरीत त्याला माणसाने बनवलेल्या यंत्राचा ताल सापडतो. तो कप्तानाकडे जातो. कप्तान त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतो, विश्वास ठेवतो आणि ती माहिती वर पोचते. नायक जॅक रायनही इतिहासकार, कागदपत्रे वाचून टिपणे लिहिणारा, विमानात बसायला घाबरणारा. त्याचेही टिपण वाचले जाते.

ही पुस्तके का वाचली जातात, याचे माझे उत्तर इथे आहे. आपले काम नीट जाणणारा खालचा माणूस, त्याचे ऐकणारा वरचा माणूस, आणि दोघांमध्ये न अडकणारी बातमी. वाचकाला अशा राज्ययंत्रणेचे चित्र हवे असते, कारण त्याचा स्वतःचा अनुभव उलटा असतो. क्लॅन्सीच्या वाचकांच्या मागे व्हिएतनाम होते, वॉटरगेट होते. एप्रिल १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायला गेलेली मोहीम वाळवंटात फसली होती. हेलिकॉप्टरे नादुरुस्त झाली आणि परतताना झालेल्या अपघातात ८ सैनिक मेले. इथे शत्रूने काही केलेच नव्हते. आपली यंत्रे आणि आपले नियोजन यांनीच दगा दिला होता. रामियस देश सोडतो त्याचेही कारण हेच आहे. दारूच्या नशेतल्या सर्जनने त्याच्या पत्नीचा जीव घालवला, आणि बापाच्या राजकीय वजनामुळे त्या सर्जनला शिक्षा झाली नाही. कादंबरीत सोव्हिएत व्यवस्थेवरचा खरा आरोप हा आहे: तिथे चुकांचा जाब कोणी देत नाही. हा आरोप कोणत्याही देशातल्या, कोणत्याही इस्पितळाच्या व्हरांड्यात ताटकळलेल्या माणसाला कळतो. फोरसाइथ, मॅक्लीन यांच्यासारखे थरारकथाकार मराठीत आले आणि इथे वाचले गेले, ते काय फ्रान्सच्या किंवा ब्रिटनच्या प्रेमाने? फोरसाइथची ‘द डे ऑफ द जॅकल’ उघडतानाच फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल मारले जाणार नाहीत हे वाचकाला माहीत असते. तरी मारेकरी बनावट पासपोर्ट कसा मिळवतो आणि लबेल नावाचा शांत पोलीस अधिकारी त्याचा माग कसा काढतो, यात वाचक पहाटेपर्यंत गुंततो.

क्लॅन्सीवर आक्षेप घ्यायचाच तर तो दुसरा घ्यावा लागेल. त्याच्या कथेमागे एक सत्य घटना होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये सोव्हिएत युद्धनौका ‘स्तोरोझेवोय’वर व्हालेरी साब्लिन या अधिकाऱ्याने बंड केले. कप्तानाला कोंडून त्याने जहाज रीगाहून बाहेर काढले. तो स्वीडनला पळत होता असे पश्चिमेत बराच काळ मानले गेले. प्रत्यक्षात तो लेनिनग्राडला निघाला होता. नेतृत्वाने लेनिनच्या विचारांशी प्रतारणा केली आहे, हे त्याला आपल्या देशबांधवांना नभोवाणीवरून सांगायचे होते. १९७६ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. साब्लिन हा जहाजावरचा पक्षाचा राजकीय अधिकारी होता. क्लॅन्सीच्या कादंबरीत मात्र राजकीय अधिकारी सुरुवातीलाच मारला जातो आणि बंडखोर अमेरिकेच्या आश्रयाला येतो. आपल्याच सत्ताधाऱ्यांविरुद्ध आपल्याच देशासाठी उभा राहणारा देशभक्त क्लॅन्सीला कल्पिता आला नाही. तो प्रत्यक्षात होऊन गेला होता, आणि क्लॅन्सीपेक्षा मोठ्या लेखकाच्या हाती लागण्याच्या योग्यतेचा होता.