इतिहासाच्या पानांत २ मार्च : नाशिकचे बंद दार, साबरमतीचे पत्र आणि लखनौतील अखेरचा निरोप

लखनौ, १ मार्च : लखनौ शहरातून कानपूरच्या दिशेने निघाले की अमौसी विमानतळाच्या परिसरात सरोजिनी नगर लागते. लखनौ जिल्ह्यातील एक तहसील आणि एक विधानसभा मतदारसंघ याच नावाने ओळखला जातो. हे नाव उच्चारताच ज्यांचे स्मरण होते, त्या सरोजिनी नायडू यांचे निधन २ मार्च १९४९ रोजी याच शहरात झाले. त्या वेळी त्या संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या, राज्यपाल होत्या.

त्याआधी १९ वर्षांपूर्वीची २ मार्च ही तारीख भारताच्या आणि विशेषतः महाराष्ट्राच्या इतिहासात दोन कारणांनी नोंदली गेली आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच दिवशी साबरमती आश्रमातून महात्मा गांधींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहून मिठाच्या कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची पूर्वसूचना दिली. एका लढ्याची मागणी परकीय सत्तेकडे होती, तर दुसऱ्याची आपल्याच समाजाकडे. स्वातंत्र्य या शब्दाचे हे दोन अर्थ एकाच दिवशी देशासमोर उभे राहिले.

नाशिक : चारही दरवाजे बंद

पंचवटीतील काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी पेशवेकाळात बांधले. काळ्या पाषाणातील या मंदिराच्या आवाराला चार दिशांना चार दरवाजे आहेत. मात्र अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला तेथे प्रवेश नव्हता.

महाडच्या चवदार तळ्यावर मार्च १९२७ मध्ये पाण्याच्या हक्कासाठी आणि १९२९ मध्ये पुण्याच्या पर्वतीवर मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाले होते. नाशिकचा लढा हा त्यापुढचा टप्पा होता. स्थानिक पातळीवर भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची बांधणी केली होती.

२ मार्च १९३० हा रविवार होता. सकाळी डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि दुपारी मिरवणूक निघाली. धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रानुसार तीत सुमारे १५ हजार लोक होते. मिरवणूक शांतपणे मंदिरापाशी पोहोचली, तेव्हा दरवाजे बंद होते आणि पोलिसांचा बंदोबस्त होता. मिरवणूक तेथून गोदावरीच्या घाटावर गेली आणि तिचे सभेत रूपांतर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या दरवाजांसमोर बसली. आत जाता येत नव्हते. पण सत्याग्रही हटत नाहीत, तोवर दरवाजे उघडणेही मंदिराच्या विश्वस्तांना अवघड झाले.

९ एप्रिलला रामनवमी उत्सवातील रथयात्रा होती. रामाचा रथ दोन्ही बाजूंच्या तरुणांनी मिळून ओढावा, असा समझोता झाला होता. प्रत्यक्षात रथ वेगळ्याच मार्गाने पुढे नेण्यात आला, दगडफेक झाली आणि अनेक सत्याग्रही जखमी झाले. त्यानंतरही लढा थांबला नाही. काही काळ स्थगिती, पुन्हा आरंभ, अटका आणि गावोगावी बहिष्कार अशा वळणांनी तो सुमारे पाच वर्षे चालला.

मंदिरप्रवेशाने आपले सर्व प्रश्न सुटतील, अशी डॉ. आंबेडकरांची भूमिका नव्हती. राजकीय, आर्थिक आणि शैक्षणिक प्रश्न कायमच राहणार, हे त्यांनी नाशिकच्या भाषणातच स्पष्ट केले होते. सवर्ण हिंदू समाज दुसऱ्या माणसाचे माणूसपण मान्य करण्यास तयार आहे का, याची ही कसोटी होती. तिचे उत्तर नकारार्थी आल्यावर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवला येथे त्यांनी, जन्माने हिंदू असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

साबरमती : व्हाइसरॉयला पत्र

नाशिकमध्ये मिरवणूक निघाली, त्याच दिवशी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहिले. व्हाइसरॉयचे वेतन दिवसाला सातशे रुपयांहून अधिक आणि सामान्य भारतीयाचे सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहूनही कमी, ही तुलना त्या पत्रात होती. गरिबाच्या जेवणातील मिठावरही कर घेणाऱ्या राज्यव्यवस्थेचा तो हिशेब होता. सरकारकडून प्रतिसाद न मिळाल्यास आपण आश्रमातील सहकाऱ्यांसह मिठाचा कायदा मोडू, असे गांधीजींनी कळवले. रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रजाने ते पत्र दिल्लीला पोहोचवले. व्हाइसरॉयकडून आलेले उत्तर केवळ खेद व्यक्त करणारे होते.

१२ मार्चला ७८ सत्याग्रहींसह दांडीयात्रा निघाली आणि ६ एप्रिलला मिठाचा कायदा मोडण्यात आला. महाराष्ट्रात शिरोडा, वडाळा आदी ठिकाणी मिठाचे सत्याग्रह झाले. नाशिकच्या मंदिरप्रवेशाला मात्र काँग्रेसच्या कार्यक्रमात स्थान मिळाले नाही. आधी परकीय राज्य की आधी घरातील अन्याय, हा वाद त्यापूर्वीच्या पिढीत आगरकर आणि टिळक यांच्यात झाला होता. १९३० मध्ये तो विचारपत्रांतून उतरून रस्त्यावर आला.

सरोजिनी नायडू : धारासणा ते लखनौ

गांधीजींना मे १९३० च्या आरंभी अटक झाली. त्यांच्यामागून नेतृत्व स्वीकारलेले अब्बास तय्यबजी यांनाही आठवडाभरातच पकडण्यात आले. त्यानंतर धारासणा येथील मीठागरावरील मोहिमेची धुरा सरोजिनी नायडू यांच्याकडे आली. २१ मे १९३० रोजी सुमारे अडीच हजार सत्याग्रही रांगेने पुढे सरकले आणि हात न उचलता लोखंडी टोकाच्या लाठ्यांचे वार त्यांनी झेलले. युनायटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचे प्रतिनिधी वेब मिलर तेथे उपस्थित होते. तात्पुरत्या रुग्णालयात त्यांनी ३२० जखमी मोजले. त्यांच्या वृत्तामुळे धारासणाची हकिकत जगभर पोहोचली.

१३ फेब्रुवारी १८७९ रोजी हैदराबाद येथे जन्मलेल्या सरोजिनी यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय शिक्षणतज्ज्ञ होते. ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ हा त्यांचा पहिला महत्त्वाचा इंग्रजी कवितासंग्रह १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रभावाने त्या सार्वजनिक जीवनात आल्या. १९२५ मध्ये कानपूरच्या अधिवेशनात त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

नाशिक आणि साबरमतीचे दोन प्रवाह ज्या ठिकाणी समोरासमोर आले, तेथेही त्या उपस्थित होत्या. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत लंडनमध्ये गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांच्यासह त्या सहभागी झाल्या. सप्टेंबर १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर गांधीजींनी पुण्याच्या येरवडा तुरुंगात उपोषण केले, तेव्हा त्याच तुरुंगात असलेल्या सरोजिनी नायडू त्यांच्या शुश्रूषेत होत्या. त्या उपोषणाच्या काळातच २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्यानुसार स्वतंत्र मतदारसंघांऐवजी प्रांतिक विधिमंडळांत दलितांसाठी १४८ राखीव जागा ठरल्या. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात त्या पुण्याच्याच आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींसह स्थानबद्ध होत्या.

स्वातंत्र्याच्या पहिल्या दिवशी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, त्यांनी संयुक्त प्रांताच्या राज्यपालपदाची सूत्रे स्वीकारली. या पदासाठी मुळात डॉ. बिधानचंद्र रॉय यांची निवड झाली होती; ते परदेशात असल्याने ही जबाबदारी सरोजिनी नायडू यांच्याकडे आली आणि पुढे कायम झाली. भारतातील त्या पहिल्या महिला राज्यपाल ठरल्या. पदाच्या बंदिस्त शिष्टाचारात त्यांचे मन फारसे रमले नाही, तरीही फाळणीनंतरच्या अस्वस्थ काळात देशातील सर्वाधिक लोकसंख्येच्या प्रांताचे हे पद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. २ मार्च १९४९ च्या पहाटे लखनौच्या तत्कालीन गव्हर्नमेंट हाउसमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या ७० वर्षांच्या होत्या. गोमती नदीच्या तीरावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

त्यांच्या निधनापूर्वी तीनच महिने, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले होते. संविधानात ते कलम १७ म्हणून समाविष्ट झाले. तत्कालीन मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ मध्येच झाला होता. नाशिकच्या दरवाजासमोर १९३० मध्ये मागितलेला हक्क अशा रीतीने स्वतंत्र भारताच्या कायद्यात आला. १९३० च्या त्या रविवारी वेगवेगळ्या ठिकाणी मांडलेल्या दोन मागण्यांना अखेर एकाच संविधानात स्थान मिळाले. त्यातील मसुदा समितीचे अध्यक्षपद डॉ. आंबेडकर यांच्याकडे होते.

इतर महत्त्वाच्या घटना

१४९८ : भारताकडे निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी वास्को द गामा याचा ताफा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक बेटावर पोहोचला. त्याच वर्षी मे महिन्यात तो कालिकतला आला.

१८०७ : गुलामांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसने मंजूर केला. तो १ जानेवारी १८०८ पासून लागू झाला. देशांतर्गत गुलामगिरी मात्र त्यानंतरही अनेक दशके चालू राहिली.

१८३६ : टेक्सासने मेक्सिकोपासून स्वातंत्र्य जाहीर केले.

१९१९ : मॉस्को येथे कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या स्थापना परिषदेला प्रारंभ झाला.

१९३९ : युजेनिओ पाचेल्ली यांची पोपपदी निवड झाली आणि त्यांनी बारावे पायस हे नाव धारण केले. त्या दिवशी त्यांचा ६३ वा वाढदिवस होता.

१९४९ : अमेरिकी हवाई दलाचे ‘लकी लेडी २’ हे विमान कोठेही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणा करून टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे परतले. ९४ तास १ मिनिटाच्या या उड्डाणात त्यात चार वेळा हवेतच इंधन भरण्यात आले.

१९५२ : तत्कालीन बिहारमधील, आता झारखंडमध्ये असलेल्या सिंद्री येथील खत कारखाना पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी राष्ट्राला अर्पण केला.

१९५५ : अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात बसमधील जागा गोऱ्या प्रवाशाला देण्यास नकार दिल्याबद्दल क्लॉडेट कोल्व्हिन या १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला अटक झाली. रोझा पार्क्स यांच्या प्रसिद्ध नकाराच्या नऊ महिने आधीची ही घटना होती.

१९५६ : मोरोक्को फ्रान्सच्या अमलातून स्वतंत्र झाला.

१९६२ : ब्रह्मदेशात जनरल ने विन यांनी लष्करी उठाव करून सत्ता ताब्यात घेतली.

१९६२ : विल्ट चेंबरलेन यांनी अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या एका सामन्यात १०० गुण नोंदवण्याचा विक्रम केला.

१९६९ : ध्वनीपेक्षा वेगवान ‘कॉन्कॉर्ड’ या प्रवासी विमानाचे पहिले चाचणी उड्डाण फ्रान्समधील तुलूझ येथे झाले.

१९६९ : उसुरी नदीतील बेटावरून सोव्हिएत संघ आणि चीन यांच्या सैन्यांत सशस्त्र चकमक झाली.

१९७२ : गुरू ग्रहाच्या अभ्यासासाठी ‘पायोनियर १०’ हे यान अमेरिकी स्थानिक वेळेनुसार या दिवशी अवकाशात झेपावले.

१९७८ : चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमीर रेमेक अवकाशात गेले. सोव्हिएत संघ आणि अमेरिका वगळता अन्य देशाचे ते पहिले अंतराळवीर होत.

१९९२ : सोव्हिएत संघाच्या विघटनातून निर्माण झालेले आठ देश आणि सॅन मारिनो यांना संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले.

१९९५ : अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेने ‘टॉप क्वार्क’ या मूलकणाचा शोध जाहीर केला.

२००६ : पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यात नवी दिल्ली येथे नागरी अणुसहकार्याबाबत सहमती झाली. देशातील नागरी आणि लष्करी अणुकेंद्रे वेगळी करण्याची योजना हा तिचा गाभा होता.

२०२२ : युक्रेनमधून सैन्य मागे घेण्याची रशियाकडे मागणी करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. भारतासह ३५ देश मतदानापासून दूर राहिले.

जन्म

१८२४ : बेदरिच स्मेताना, चेक संगीतकार.

१८७६ : पोप बारावे पायस.

१९०४ : थिओडोर गाइझेल, ‘डॉ. स्यूस’ या नावाने प्रसिद्ध अमेरिकी बालसाहित्यिक.

१९३१ : प्राचार्य राम शेवाळकर, मराठी साहित्यिक आणि वक्ते. यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे ते प्राचार्य होते. १९९४ मध्ये पणजी येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. संतसाहित्य, रामायण आणि महाभारत यांवरील त्यांची व्याख्याने महाराष्ट्रभर गाजली.

१९३१ : मिखाईल गोर्बाचेव्ह, सोव्हिएत संघाचे अखेरचे नेते आणि १९९० च्या नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी.

१९६८ : डॅनियल क्रेग, ब्रिटिश अभिनेते.

१९७७ : अँड्र्यू स्ट्रॉस, इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे माजी कर्णधार.

१९९० : टायगर श्रॉफ, हिंदी चित्रपट अभिनेते.

मृत्यू

१७९७ : होरेस वॉलपोल, इंग्रजी साहित्यिक.

१९३० : डी. एच. लॉरेन्स, इंग्रजी कादंबरीकार. काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, त्याच दिवशी फ्रान्समधील व्हाँस येथे त्यांचे निधन झाले.

१९३९ : हॉवर्ड कार्टर, इजिप्तमधील तुतनखामेनच्या थडग्याचा शोध लावणारे पुरातत्त्वज्ञ.

१९४९ : सरोजिनी नायडू, कवयित्री, स्वातंत्र्यसेनानी आणि देशातील पहिल्या महिला राज्यपाल.

१९८२ : फिलिप के. डिक, अमेरिकी विज्ञानकथाकार.

१९८६ : डॉ. काशीनाथ घाणेकर, मराठी रंगभूमी आणि चित्रपटांतील लोकप्रिय अभिनेते. व्यवसायाने दंतवैद्य असलेल्या घाणेकर यांनी वसंत कानेटकर यांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकातील संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’ मधील लाल्या या भूमिका अजरामर केल्या. अमरावती येथे त्यांचे निधन झाले.