श्रम, क्लम आणि सोलापूर

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘क्लम’ या शब्दाची व्याख्या येते : कष्टांवाचून देहाला येणारा, धाप न लागता वाढत जाणारा आणि इंद्रियांच्या व्यापारात अडथळा आणणारा शीण. मराठीने ‘श्रम’ आपलासा केला. ‘क्लम’ पोथीतच राहिला. (‘क्लांत’ तेवढा कवितेच्या वाटेने आला.)

सोलापूरच्या कामगारांचा इतिहासही श्रमाच्याच भाषेत लिहिला गेला. येथे 1877 मध्ये ‘जुनी गिरणी’ सुरू झाली. पुढे कायद्याने तास मोजले : 1911 मध्ये कापडगिरणीतील पुरुषांना दिवसाचे 12, 1922 मध्ये आठवड्याचे 60, 1948 मध्ये 48. ऑगस्ट 1949 मध्ये ही गिरणी बंद पडली, जानेवारी 1950 मध्ये अध्यादेशाने सरकारने तिचा कारभार हाती घेतला आणि एका भागधारकाने केलेला दावा, चिरंजितलाल चौधरी खटला, घटनेच्या अभ्यासकांना आजही वाचावा लागतो. त्यात मालमत्तेच्या हक्काची चर्चा आहे, बेकारीचाही उल्लेख आहे. भोंगा थांबल्यावरही अंगातून न उतरणाऱ्या थकव्याला मात्र अशा दप्तरात रकाना नसतो. त्याच्यावर घरोघर एकच शेरा मारला जातो : वय झालं.

हा शेरा अपुरा आहे. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यातील कापसाच्या धुळीत जिवाणूंचे अंतर्विष असते. सुट्टीनंतरच्या सोमवारी छाती आवळणे हे त्या धुळीच्या विकाराचे, बिसिनोसिसचे, ओळखीचे लक्षण. वर्षानुवर्षांनी श्वासमार्ग कायमचे अरुंद होऊ शकतात. अशा जुनाट दाहात, तसाच मधुमेहात किंवा संधिवातात, प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-6 सारखी संदेशद्रव्ये सोडत राहतात. बेंजामिन हार्ट यांनी 1988 मध्ये मांडले की आजारी प्राण्याचे निपचित पडणे हा दुबळेपणा नव्हे. संसर्गाशी लढण्यासाठी शक्ती राखण्याची ती शरीराची रीत आहे. जुनाट आजारात ‘पडून राहा’ हा निरोप थांबतच नाही. त्यातच इंटरल्यूकिन-6 मुळे यकृतात हेप्सिडिन वाढते, लोह साठ्यात अडकते आणि रक्त फिके पडते. वार्धक्यात मुळातच मंद दाह चालू असतो. क्लॉदियो फ्रान्चेस्की यांनी 2000 मध्ये त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ हे नाव दिले.

एकाच खात्यात राबलेल्या दोघांपैकी एकच खचतो, याचा काही भाग जनुकांत असू शकतो. दाहाची द्रव्ये घडवणाऱ्या जनुकांतील भेदांचा थकव्याशी संबंध तपासला गेला आहे. निष्कर्ष एकसारखे नाहीत. ते तसे नाहीत हे एका अर्थी बरेच, नाहीतर ‘वय झालं’च्या जागी ‘रक्तातच आहे’ एवढेच म्हटले जाईल आणि धूळ पुन्हा नामानिराळी राहील.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांच्या बाबतीत तर तासांचे मापही उरत नाही. त्या घरी विड्या वळतात, धूळ तंबाखूची असते आणि मजुरी हजार विड्यांमागे ठरते. अंगात त्राण नसलेल्या दिवशी पाचशेच झाल्या, तर पैसे पाचशेचेच मिळतात.