बोरघाटातले मजूर

पुणे-मुंबई गाडीत बसलं की बोरघाटातले बोगदे लागतात. ते काम 1856 साली ठेक्याने सुरू झालं. 1859 मध्ये नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला, 1863 साली घाटातून गाडी धावली. अ‍ॅलिसचं नाव राहिलं. पण सुरुंगाने, पटकीने हजारो बाया-पुरुष गेले, त्यांची नावं कोण घेतं?

पुढे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात आलं, की पाणी, संडास, प्रथमोपचाराची पेटी ठेकेदाराने दिली नाही, तर मूळ मालकाने द्यायची. म्हणून गटाची विहीर ठेक्याने खोदायला दिलीत, तरी सुरुंग लावताना माणसं लांब गेली का, हे आपणच बघायचं. काम ठेक्याने देता येतं, जिवाची जबाबदारी नाही.