प्रश्न काढायला निघालात तर

सन १९०६. सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या शिवारात नवे रूळ पडलेत आणि तुम्ही त्यांच्याकडे बघत उभे आहात. दोन रुळांत अंतर अडीच फुटांचं. एक पाय या रुळावर, दुसरा त्या रुळावर टेकवून सहज उभं राहता येतं; कुणी बघत नाही म्हटल्यावर तुम्ही राहूनही बघता. काखेत वही आहे. गावातल्या प्रश्नमंजूषेचे प्रश्न काढायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, विषय ‘आपला परिसर आणि आपले खेळाडू’. पहिला प्रश्न घरूनच लिहून आणलाय: मोडनिंबवरून पंढरपूरला रेल्वे कधी सुरू झाली?

उत्तर शिट्टी देत येतंच आहे. गाडी कुर्डुवाडीकडची, पण तिथल्या स्टेशनचं १९०६ मधलं नाव ‘बार्शी रोड’. जी.आय.पी. रेल्वेची मोठी लाईन बार्शीला बाजूला टाकून गेली, म्हणून १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही धाकटी लाईन सुरू झाली, आणि आता ती इकडे पंढरीच्या वाटेला वळलीय. इंजिन लीड्सच्या किटसन कारखान्यातलं, बुटकं, चालत्या चाकांच्या चार जोड्यांचं. कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा या लाईनच्या इंजिनिअरचा हट्ट. वजन असं वाटून दिलं की हलके रूळ चालतात, आणि हलके रूळ म्हणजे कमी खर्च. टाळ गळ्यात अडकवलेली माणसं डब्यात चढताना हे गणित कुणाच्या डोक्यात नसतं. पन्नासेक किलोमीटरची पायपीट वाचली, एवढं त्यांना पुरतं.

आता वहीतला प्रश्न तुम्हाला फिका वाटू लागतो. साल विचारणं सगळ्यात सोपं. पाठ करणारा पोरगा जिंकतो आणि घरी जाईपर्यंत विसरतो. तुम्ही तो खोडता. त्याजागी लिहिता: बार्शी लाईट रेल्वेचा इंजिनिअर एव्हरार्ड काल्थ्रॉप यानं पुढे वैमानिकांसाठी काय तयार केलं? उत्तर: पॅराशूट. रोल्स-रॉइसमधले चार्ल्स रोल्स त्याचे मित्र. १९१० साली विमान कोसळून ते गेले, तेव्हापासून काल्थ्रॉप या मागे लागला, आणि त्याच्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’. हे फलाटावर कुणाला सांगायला जाऊ नका. इथं अजून कुणी विमानच पाहिलेलं नाही, त्यातून उडी कसली मारता.

सोलापूरच्या मार्शल लॉचा आणि चार हुतात्म्यांचा प्रश्न तुम्ही घेत नाही. महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे. १२ जानेवारी १९३१ ही तारीख नि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा ही नावं जिल्ह्यातल्या पोरांना पाठ असायलाच हवीत. मग स्पर्धा कसली.

अरण इथून पायी जाण्याच्या अंतरावर. तुम्ही निघता आणि वाटेतच सहा शतकं मागे जाता. देऊळ नाही, कमान नाही, हमरस्ता नाही. एक मळा आहे आणि मळ्यात वाकलेला माणूस. संत सावता माळी पंढरपूरला गेले नाहीत, विठ्ठलच मळ्यात आला, असं परंपरा सांगते. शके १२१७, म्हणजे १२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी इथंच समाधी घेतली. म्हणून सगळ्या महाराष्ट्राच्या पालख्या पंढरपूरकडे जातात, आणि आषाढी उरकली की पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून निघून अरणला येते. प्रश्न आपोआप तयार होतो.

पण तुम्ही बघत राहता ते मळ्याच्या कडेला बसलेल्या दुसऱ्या माणसाकडे. काशिबा गुरव. सावतोबांच्या तोंडून निघालेलं यांनी लिहून ठेवलं, म्हणून आज सदतीस अभंग तरी हाताशी आहेत. खुरपं चालवणाऱ्याला वहीची फिकीर नव्हती. हा बाबा तिथं नसता तर विचारायला प्रश्न होता, उत्तर नव्हतं. क्रिकेटच्या मैदानात सावलीला टेबल टाकून बसलेला स्कोअरर असतो ना, तसाच. तुमच्या वहीत पहिल्यांदाच एक प्रश्न खेळाडूला सोडून लिहिणाऱ्यावर पडतो: सावता माळ्यांचे अभंग कोणी लिहून ठेवले? दोन गुण. खरं तर पाच द्यायला हवेत.

या भागातल्या एखाद्या जत्रेत उतरा, मग हे जास्तच कळेल. साल कुठलंही घ्या, वीजही न आलेलं. दुपार कलली की हलगी कडाडते. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, आणि उन्हं उतरताना मानाची शेवटची जोड. तुम्ही ढेकळावर बसता. शेजारचे आजोबा डाव घसरायच्या आत सांगतात, “आता ढाक लावतंय बघा.” लागतो. फेटे उडतात. जिंकलेल्या गड्याला खांद्यावर घेऊन माणसं फडाला फेरी मारतात. तुम्ही वही उघडता, नाव विचारता. आजोबा गावाचं नाव सांगतात, बापाचं सांगतात, वस्तादाचं सांगतात. फडाची वही नसते. सकाळी माती सपाट झालेली असते आणि अख्ख्या पंचक्रोशीला तोंडपाठ असलेला तो पैलवान दोन पिढ्यांनी ‘कोणीतरी होता’ एवढाच उरतो. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची यादी ठेवली गेली, म्हणून २०१८ साली जालन्यात अभिजित कटकेला हरवणारा बाला रफिक शेख हा मूळचा करमाळा तालुक्यातल्या खडकीचा, एवढं तरी तुम्हाला ठामपणे विचारता येतं.

आता क्रिकेट. नोव्हेंबर १९५५, हैदराबादचं फतेह मैदान. न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी, आणि गुलाम अहमद यांच्या संघात तुमच्या जिल्ह्याचा माणूस खेळतोय: पहलान रतनजी उम्रीगर, सगळ्यांचा पॉली. उंचापुरा गडी, फटक्यात जोर. समोर विजय मांजरेकर शतक करून गेले, कृपाल सिंग पहिल्याच कसोटीत शंभरावर नाबाद राहिले, ४ बाद ४९८ वर डाव सोडला. पॉलीच्या नावापुढे २२३. कसोटीतलं भारताचं पहिलं द्विशतक.

टाळ्या वाजवून झाल्या की विचार करा. ‘भारताकडून सर्वोच्च धावा कोणाच्या?’ असा प्रश्न या आठवड्यात काढलात तर उत्तर उम्रीगर. डिसेंबरात मुंबईत विनू मंकड बरोबर २२३ करतात: उत्तरं दोन. जानेवारीत मद्रासला ते २३१ करतात: उम्रीगर बाद. मग १९८३ साली गावसकरांच्या नाबाद २३६ पर्यंत उत्तर मंकडच. म्हणून ‘पहिलं’ विचारावं, ‘सर्वोच्च’ विचारू नये. पहिलं कुणाला काढून घेता येत नाही.

आणि जन्मगाव? त्या वाटेला जाऊच नका. काही याद्यांत सोलापूर आहे, काहींत मुंबई, आणि सभागृहात दोन्ही याद्या पाठ असलेला एकेक मास्तर असतोच. प्रश्न असा ठेवा: पॉली उम्रीगर यांचं बालपण कोणत्या शहरात गेलं? इथं मास्तर गप्प.

शेवटी फार मागे जायचं नाही. एप्रिल २०२२. मैदानाच्या कडेला उभं राहा. नागालँड विरुद्ध अरुणाचल प्रदेश, महिलांची ट्वेंटी-ट्वेंटी. नागालँडकडून किरण नवगिरे खेळतेय, आणि चेंडू सीमेच्या आत थांबायला तयार नाही. आधी गोळाफेक नि भालाफेक केलेली मुलगी. खांद्यातलं ते बळ फटक्यात उतरलंय. ७६ चेंडूंत नाबाद १६२. ट्वेंटी-ट्वेंटीत दीडशे ओलांडणारी ती पहिली भारतीय, पुरुष धरूनसुद्धा. पेव्हेलियनमधला स्कोअरर न थकता षटकार मांडत असतो. तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाकून बघता, तो वही हातानं झाकत नाही, उलट आकडा नीट दिसावा म्हणून किंचित सरकतो.

सप्टेंबरात ती इंग्लंडविरुद्ध भारताकडून खेळेल. गाव मिरे, तालुका माळशिरस. संघ नागालँडचा. मग ती कुणाची म्हणायची, यावर मोडनिंबच्या सभागृहात नक्की वाद होणार, आणि होऊ द्या. पण घंटा हातात तुमच्या आहे, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर परीक्षकांसाठी सूचना लिहून ठेवा: प्रश्न ‘ट्वेंटी-ट्वेंटीत दीडशे धावा ओलांडणारी पहिली भारतीय कोण’ एवढाच विचारावा, नुसतं ‘मिरेची पोरगी’ असं उत्तर आलं तर नाव सांगायला दहा सेकंद वाढवून द्यावीत, आणि नाव आलं की पूर्ण गुण.