गावातली बारव ‘संरक्षित’ कोण करतं? ग्रामपंचायतीच्या हातात नेमकं काय असतं?

परभणी तालुक्यातील पिंगळी गावात दगडी बांधणीची जुनी बारव आहे. याच जिल्ह्यातील वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानातून गाळमुक्त केली, तेव्हा तिचे फोटो सर्वत्र फिरले. अशा फोटोंखाली एक मागणी हमखास दिसते: ‘ग्रामपंचायतीने ठराव करून बारव संरक्षित घोषित करावी.’ पण ग्रामपंचायतीला तो अधिकारच नाही.

राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू केंद्र सरकार 1958 च्या कायद्याखाली जाहीर करतं. बाकीच्यांसाठी महाराष्ट्राचा 1960 चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. त्यात राज्य सरकार आधी प्राथमिक अधिसूचना काढतं, हरकतींसाठी दोन महिने देतं आणि त्या ऐकून अंतिम अधिसूचना काढतं. ती निघेपर्यंत वास्तू ‘राज्य संरक्षित’ नसते. दारात फलक लावला म्हणून काही होत नाही.

शहरांचं गणित वेगळं आहे. मुंबईत 1995 मध्ये वारसा नियमावली आली. तिथे इमारतींना श्रेणी 1, 2 किंवा 3 मिळते आणि बदल करण्याआधी वारसा समितीचं मत घेतलं जातं. नगररचना कायद्यामुळे पालिकेला विकास आराखड्यातही ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. गावातल्या बारवेमागे अशी समिती नसते, आणि खरी अडचण इथेच आहे.

मग ग्रामपंचायतीने काय करावं? सर्वात आधी जागा कुणाची ते पाहावं: गावठाणाची, देवस्थानची की खासगी. ती ग्रामपंचायतीची असेल, तर स्थावर मालमत्ता नोंदवहीत बारवेची नोंद करावी. कागदावर नसलेली विहीर बुजवणं फार सोपं असतं! त्यानंतर ग्रामसभेचा ठराव, फोटो, मोजमापं आणि जागेचा उतारा जोडून राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे प्रस्ताव पाठवता येतो. ठराव बंधनकारक नसतो, मात्र गावाची मागणी त्यामुळे नोंदीवर येते.

खासगी मालकांना वाटणारी भीती बहुतेकदा अनाठायी असते. वास्तू संरक्षित झाली म्हणजे ती सरकारजमा होत नाही. मालकी तशीच राहू शकते. फेरबदलांवर मात्र निर्बंध येतात.

प्रस्ताव मंजूर व्हायला वेळ लागतो. तोवर गाळ आणि झुडपं काढायला हरकत नाही, पण निखळलेले दगड फेकू नयेत आणि सांध्यांत सिमेंट भरू नये. उत्साहाच्या भरात मारलेला ऑईलपेंटही नंतर काढणं जिकिरीचं होतं.